गुलामगिरीतून वेदीपर्यंत : फादर ऑगस्टस टोल्टन यांचे चरित्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून मिसिसिपी नावाची महानदी वाहते. तिच्या पश्चिम तीरावर मिझुरी हे संस्थान असून पूर्व तीरावर इलिनॉय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पश्चिम तीरी मनुष्याची खरेदी-विक्री कायदेशीर होती, पूर्व तीरी ती निषिद्ध होती. ह्याच सीमेवर फादर ऑगस्टस टोल्टन यांचे आयुष्य घडले.

त्यांचा जन्म १ एप्रिल १८५४ रोजी मिझुरीतील ब्रश क्रीक ह्या खेड्यात झाला. आईबाप दोघेही गुलाम व दोघेही कॅथॉलिक. त्यांचे धनीही कॅथॉलिकच होते. बालकाचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये यथाविधी झाला. बाप्तिस्म्याने तो देवाचे लेकरू ठरला, तथापि कायद्याच्या लेखी तो धन्याची मालमत्ताच राहिला.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. पिता उत्तरेच्या सैन्यात दाखल होण्यास निघून गेला व परत आला नाही. पुढील वर्षी मार्था ही धीराची माता आपल्या तीन लेकरांसह पळाली, होडीने नदी पार करून इलिनॉयमधील क्विन्सी शहरी पोहोचली आणि तंबाखूच्या कारखान्यात काम करू लागली. लहानगा ऑगस्टसही तेथेच राबू लागला.

कायद्याची सीमा अशी ओलांडली गेली. मनातील सीमा मात्र त्यांच्यापुढे तशीच उभी होती. सेंट बोनिफेस ह्या जर्मन धर्मग्रामाच्या शाळेत ऑगस्टसला प्रवेश मिळाला, परंतु गोऱ्या मुलांशेजारी काळा मुलगा बसलेला कित्येक पालकांना खपेना. त्याला शाळा सोडावी लागली. तेव्हा फादर पीटर मॅक्गिर ह्या आयरिश धर्मगुरूंनी त्याला आपल्या शाळेत घेतले. तेथेही कुरकुर झाली. पण फादर डगमगले नाहीत. कारखाना हिवाळ्यात बंद असे, तेवढ्याच महिन्यांत हा मुलगा शिकला, वेदीसेवक झाला, आणि धर्मगुरू होण्याची इच्छा त्याच्या अंतःकरणात दृढ झाली.

अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्याला घेतले नाही. स्थानिक धर्मगुरूंनी व फ्रान्सिस्कन संघाच्या कॉलेजाने त्याचे शिक्षण चालू ठेवले. अखेर १८८० साली रोममधील प्रोपगांडा कॉलेजाचे दार उघडले. २४ एप्रिल १८८६ रोजी लॅटरन महामंदिरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. अमेरिकेत उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून ओळखले गेलेले ते पहिले कॅथॉलिक धर्मगुरू होत. आपणांस आफ्रिकेत धाडतील अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु ज्या देशाने त्यांना दूर लोटले होते, तेथेच जाण्याची आज्ञा झाली, व ती त्यांनी शिरसावंद्य मानली.

क्विन्सीत परतल्यावर त्यांनी सेंट बोनिफेस चर्चमध्येच पवित्र मिस्सा अर्पण केला. ज्या धर्मग्रामाच्या शाळेत एकदा त्यांना जागा नव्हती, त्याच्याच वेदीपाशी ते ख्रिस्ताचे सेवक म्हणून उभे राहिले! तरीही कटुता संपली नाही. कृष्णवर्णीयांसाठी नेमलेल्या त्यांच्या चर्चमध्ये गोरे भाविकही येऊ लागले, हे काहींना सहन झाले नाही. विरोध वाढला आणि १८८९ साली ते शिकागोस गेले. तेथे गरिबांच्या वस्तीत त्यांनी सेंट मोनिका हा धर्मग्राम उभारला व त्यासाठी देह झिजविला. ९ जुलै १८९७ रोजी भयंकर उन्हाच्या तडाख्याने, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते प्रभुचरणी लीन झाले. त्यांचा देह क्विन्सीच्याच मातीत विसावला आहे. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पूजनीय घोषित केले.

धर्मबांधवहो, नदी पार करण्यास त्या मातेला एक होडी पुरली. श्रद्धावंतांच्या मनातील भिंत ओलांडण्यात तिच्या पुत्राचे अवघे आयुष्य खर्ची पडले. फादर मॅक्गिर यांनीही दार लावले असते, तर हा धर्मगुरू ख्रिस्तसभेला लाभला नसता. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी आपण धर्मग्रामाच्या वर्षांची, इमारतींची व उपकारकर्त्यांची गणना कृतज्ञतेने करतो. जात, गाव वा गरिबी पाहून आपल्या दारातून कोणी मागे फिरला काय, हेही आपण प्रभूपुढे स्वतःस विचारावे, आणि तसे घडले असल्यास त्या व्यक्तीला शोधून आत आणावे.