विश्लेषण : यादी क्षणात क्रमाने लावणारी ‘मर्ज सॉर्ट’ पद्धत कोणाची? कोण होते जॉन फॉन नॉयमन?

खरेदीच्या ॲपवर ‘कमी किमतीपासून’ हा पर्याय निवडला की वस्तूंची यादी लगेच क्रमाने लागते. पायथन भाषेत तर त्यासाठी ‘सॉर्ट’ ही एकच आज्ञा पुरते. त्यामागची मूळ युक्ती १९४५ मध्ये कागदावर शाईने लिहिली गेली, तेव्हा ती चालवणारे यंत्र अस्तित्वातही नव्हते.

कोण होते नॉयमन?

जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट. वडील बँकर. १९२६ मध्ये गणितात डॉक्टरेट आणि झुरिचमधून रसायन अभियांत्रिकीची पदविका. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब प्रकल्पाचे सल्लागार असताना अवाढव्य आकडेमोडीचा प्रश्न त्यांच्यासमोर होता. १९४४ मध्ये ‘एनियॅक’ संगणकाची माहिती मिळताच ते त्या चमूशी जोडले गेले.

यादीच का निवडली?

‘एनियॅक’ मुळात तोफांच्या माऱ्याचे तक्ते काढण्यासाठी बनत होता. पुढच्या ‘एडव्हॅक’मध्ये आज्ञाही स्मृतीत साठवायच्या होत्या. मात्र असे यंत्र आकडेमोडीपलीकडची कामेही करेल का? हे तपासण्यासाठी नॉयमन यांनी यादी क्रमाने लावण्याचा प्रोग्राम लिहिला.

मर्ज सॉर्ट म्हणजे काय?

समजा, [३, ८] आणि [५, ९] या क्रमाने लावलेल्या दोन याद्या आहेत. दोन्हींचे पहिले आकडे ताडून लहान असेल तो उचलायचा : ३, मग ५, मग ८, शेवटी ९. मोठ्या यादीत आधी एकेक घटकाच्या जोड्या, मग दोन-दोनच्या, चार-चारच्या याद्या अशाच जोडत जायचे. हजार घटकांतील प्रत्येक जोडी ताडायची तर सुमारे पाच लाख तुलना होतात; या पद्धतीत दहा हजारांहून कमी.

श्रेयाचा वाद काय?

‘एडव्हॅक’च्या आराखड्याचा मसुदा जून १९४५ मध्ये केवळ नॉयमन यांच्या नावाने वाटला गेला. त्या यंत्राची आखणी आधीपासून करणारे प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली दुखावले. तरीही ‘फॉन नॉयमन रचना’ हेच नाव रूढ झाले.

आज काय उरले?

८ फेब्रुवारी १९५७ रोजी कर्करोगाने नॉयमन यांचे निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. पायथनसाठी २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी लिहिलेली ‘टिमसॉर्ट’ ही मर्ज सॉर्टचीच सुधारित आवृत्ती. यादीत आधीच क्रमाने असलेले तुकडे ती ओळखते आणि तेच एकमेकांना जोडत जाते.