ए. आर. कुरेशी थांबले, अल्लारखा पुढे गेले

पन्नाशीच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून ए. आर. कुरेशी हे नाव अनेकदा झळकायचे. १९५२ च्या 'बेवफा'ला त्यांचेच संगीत होते. राज कपूर, नर्गिस आणि अशोककुमार यांच्या या चित्रपटात तलत महमूद यांच्या रेशमी आवाजातली गाणी होती. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९५६ मध्ये नव्याने पडद्यावर आला, तेव्हा त्याचे संगीतही कुरेशींनीच दिले. त्याच काळात रेडिओवर आणि मैफलींत उस्ताद अल्लारखा नावाचा एक तबलावादक गाजत होता. हे दोघे एकच, याची अनेक रसिकांना कल्पनाही नव्हती. एक नाव सिनेमासाठी होते, दुसरे तबल्यासाठी. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यातले एक नाव या माणसाने स्वतःच पुसून टाकले. पुसले ते नाव पैसा देणारे होते.

अल्लारखा यांचा जन्म २९ एप्रिल १९१९ चा. जम्मूजवळच्या फगवाल गावातले शेतकरी डोगरा कुटुंब. घरात गाण्याबजावण्याची परंपरा नव्हती. बारा वर्षांचा असताना हा मुलगा गुरुदासपूरला नातेवाइकांकडे राहायला गेला, तिथे त्याच्या कानावर तबला पडला आणि मन त्यातच अडकले. शेवटी घर सोडून तो लाहोरला गेला आणि पंजाब घराण्याचे खलिफा मियाँ कादिर बख्श यांच्या पायाशी बसला. गळाही तयार हवा म्हणून पतियाळा घराण्याचे उस्ताद आशिक अली खाँ यांच्याकडे गाणे शिकला. पुढे संगीतकार म्हणून चाली बांधताना हे गाणे कामाला आले आणि तबल्यावर साथ करताना त्याहून अधिक. गायक कुठे श्वास घेणार, कोणत्या जागी समेकडे वळणार, हे त्यांना आतून कळत असे.

पंजाब घराण्याचा तबला मुळात पखवाजाच्या अंगाने घडलेला. त्यात लांबलचक गती आहेत, भारदस्त खुले बोल आहेत आणि लयीचे अवघड हिशेब आहेत. सोळा मात्रांच्या तीनतालावर हे घराणे थांबत नाही. सात, नऊ, अकरा, तेरा अशा मात्रांचे ताल तिथे मुलांना लहानपणापासून हातावर मोजायला लावतात. ही सगळी शिदोरी घेऊन अल्लारखा १९३६ च्या सुमारास लाहोर आकाशवाणीवर रुजू झाले. तिथून दिल्ली, आणि १९४० मध्ये मुंबई. मुंबई आकाशवाणीवर त्यांनी स्वतंत्र तबलावादन केले. तबला म्हणजे दुसऱ्याच्या मागे बसून वाजवायचे वाद्य, असा समज असण्याचा तो काळ होता.

मुंबईत आलेल्या कलावंताला सिनेमाने हाक मारली नाही, असे त्या काळी क्वचितच घडायचे. १९४३ पासून अल्लारखा स्टुडिओंत जाऊ लागले. 'माँ बाप', 'सबक', 'बेवफा' अशी चित्रपटांची रांग लागली. पुढची सुमारे पंधरा वर्षे हा व्यवसाय चांगला चालला. दरम्यान माहीमला संसार उभा राहिला होता. ९ मार्च १९५१ रोजी थोरला मुलगा झाकिर जन्मला.

या जन्माची एक हकिकत पुढे झाकिर हुसेन यांनी अनेकदा सांगितली. बाळ घरी आले. रिवाजाप्रमाणे वडिलांनी त्याला हातात घ्यायचे आणि कानात दुआ म्हणायची. अल्लारखांनी बाळाला कुशीत घेतले, कानाशी ओठ नेले आणि तबल्याचे बोल म्हणायला सुरुवात केली. आई बावी बेगम यांना ते रुचले नाही. दुआ म्हणायची सोडून हे काय, असे त्यांनी विचारले. त्यावर, आपण सरस्वतीचे आणि गणपतीचे उपासक आहोत, हीच आपली दुआ आहे, गुरूंकडून मिळालेले हे ज्ञान मुलाला द्यायचे आहे, अशा अर्थाचे उत्तर अल्लारखांनी दिले. श्रद्धाळू मुसलमान असलेल्या माणसाचे हे उत्तर होते. आपल्या विद्येला ते कुठल्या जागी ठेवत होते, हे त्यातून कळते.

ही जागा आणि सिनेमाचे काम यांचा मेळ हळूहळू बसेनासा झाला. चित्रपटाचे गाणे साडेतीन मिनिटांचे. त्यात ठेका बहुधा आठ मात्रांचा केरवा किंवा सहा मात्रांचा दादरा. प्रसंग ठरलेला, नायिकेच्या ओठांच्या हालचाली ठरलेल्या, निर्मात्याची घाई तर कायमचीच. तबल्याने गाण्याला उठाव द्यायचा आणि बाजूला व्हायचे. याउलट साध्या पेशकारालाच फुलायला अर्धा तास लागतो. कायद्याचे पलटे, रेला, गत, चक्रदार हा सगळा प्रवास मांडायचा तर श्रोत्याने तास-दीड तास शांत बसायला हवे. रेकॉर्डिंग थिएटरमध्ये अशा तबल्याला जागा नव्हती.

दुसरी अडचण याहून मूलभूत होती. तबल्याचा हात रोज मागणी करतो. बोटांची तयारी चार दिवस सोडली तर पाचव्या दिवशी बोल निस्तेज वाजतो. पंचविशीतला वादक दिवसा स्टुडिओ आणि रात्री रियाज असे दोन्ही निभावून नेऊ शकतो. वय वाढते तसे बोटांत शिल्लक असलेली ताकद कुठे खर्च करायची, हे ठरवावे लागते. तालवाद्य वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा प्रश्न कधी ना कधी येतो. काहीजण वेगाची हौस सोडतात, काहीजण साथ सोडतात, काहीजण गर्दीचे कार्यक्रम. अल्लारखांनी सिनेमा सोडला.

हा निर्णय सोपा नव्हता. तबलजीला त्या काळी मान बेताचाच मिळायचा. मैफलीच्या जाहिरातीत त्याचे नाव असेलच याची खात्री नसायची, मंचावर त्याची बैठक मुख्य कलाकाराच्या जरा मागे आणि बिदागीही त्याच हिशेबाने. संगीतकाराची गादी सोडून पुन्हा तबलजी व्हायचे म्हणजे व्यवहाराच्या भाषेत खाली उतरायचे. घरात मुले लहान होती. तरीही पन्नाशीचे दशक सरत आले तसे ए. आर. कुरेशी हे नाव पडद्यावरून हळूहळू नाहीसे झाले.

त्या सुमारास पंडित रवि शंकर यांच्याबरोबर त्यांचे दौरे सुरू झाले होते. १९५८ मध्ये भारतीय कलावंतांच्या पथकातून दोघे जपानला गेले. साठच्या दशकात ही जोडी कायमची झाली. रवि शंकर मैफलीत तबल्याला मोकळी जागा देत. सतारीवर सवाल यायचा, तबल्यावरून जवाब जायचा. परदेशी श्रोत्यांपुढे दहा मात्रांचा झपताल किंवा सात मात्रांचा रूपक नुसता वाजवला जात नसे, तो समजावूनही सांगितला जात असे. अल्लारखा आधी बोल तोंडाने म्हणायचे आणि मग तेच बोल बोटांतून काढायचे. समेवर येताना त्यांच्या चेहऱ्यावर फुलणारे हसू भाषा न कळणाऱ्यालाही कळायचे. यहुदी मेन्युहिन आणि रवि शंकर यांच्या १९६७ च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतही तबला त्यांचाच आहे.

१८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरी महोत्सवात दुपारी या जोडीचे वादन झाले. हजारोंचा समुदाय दीर्घकाळ शांत बसून होता. शेवटच्या धूनमधला सतार-तबल्याचा सामना त्या महोत्सवावरच्या चित्रपटातून जगभर पोहोचला. पण त्याच रात्री त्याच मंचावर जिमी हेंड्रिक्सने आपली गिटार पेटवून दिली. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या परंपरेतल्या माणसांना ते दृश्य सहन होण्यासारखे नव्हते. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९६९ च्या पावसाळी रात्री, वुडस्टॉकला तर चिखलात लोळणाऱ्या आणि नशेत बुडालेल्या लाखोंच्या गर्दीपुढे वाजवावे लागले. त्यानंतर रवि शंकर यांनी अशा रॉक महोत्सवांपासून दूर राहायचे ठरवले. निर्णय त्यांचा होता, पण जोडीदार म्हणून अल्लारखांचाही तो रस्ता तिथेच संपला. जगातले सर्वांत मोठे श्रोतृवृंद पाहून झाल्यावर ही जोडी पुन्हा सभागृहांकडे वळली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला, तेव्हा मात्र ते पुन्हा त्या अफाट गर्दीपुढे बसले. सतारीवर रवि शंकर, सरोदवर अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखा. काय नाकारायचे हे कळलेल्या माणसाला कशासाठी हो म्हणायचे, हेही कळत होते.

परक्या संगीताचा त्यांना तिटकारा होता, असे कुणी समजू नये. अमेरिकेतला जॅझचा नामवंत ड्रमवादक बडी रिच याच्याबरोबर त्यांनी १९६८ मध्ये ध्वनिमुद्रिका केली. 'ग्रेटफुल डेड' या रॉक गटाचा ड्रमवादक मिकी हार्ट त्यांच्यापुढे शिष्यभावाने बसला आणि पुढे आयुष्यभर त्यांची तुलना आइन्स्टाइनशी करत राहिला. शैली कोणतीही असो, समोरचा लयीशी प्रामाणिक असला की अल्लारखांचे दार उघडे असायचे. जिथे तबल्याला बोलू दिले जात नाही किंवा जिथे त्याचे बोलणे कुणी ऐकत नाही, तिथे मात्र ते थांबत नसत.

सिनेमा सोडून वाचलेला वेळ गेला कुठे, याचे उत्तर माहीमच्या घरात मिळते. झाकिर सात वर्षांचा झाल्यावर वडील त्याला पहाटे तीन वाजता उठवू लागले. रमजानात सहरीसाठी उठायची ती वेळ. या घरात ती बाराही महिने जागी असायची. तबल्यावर हात नंतर, आधी नुसते बोल म्हणायचे, जुन्या उस्तादांच्या कहाण्या ऐकायच्या, एखादी गत कुणी आणि का बांधली हे समजून घ्यायचे. सहा वाजता शिकवणी संपायची. मग मुलगा मदरशात जाऊन कुराण पढायचा आणि तिथून निघून मिशनरी शाळेत ख्रिस्ती प्रार्थना म्हणायचा. या सगळ्यात घरातल्या कुणालाही विसंगती दिसली नाही. पुढे फजल आणि तौफिक याच तालमीत तयार झाले. फजल तबल्यावर राहिले, तौफिक जेंबेसारख्या परदेशी तालवाद्यांकडे गेले. वडिलांनी त्यांना अडवले नाही.

१९७७ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. वय झाले तसे दौरे कमी झाले, दुसऱ्यांची साथही कमी झाली. उरले ते स्वतंत्र वादन, मुलांसोबतची जुगलबंदी आणि मुंबईत स्वतःच्या नावाने सुरू केलेल्या संस्थेतले शिकवणे. २ फेब्रुवारी २००० रोजी कन्या रझिया यांचे निधन झाले. तो आघात वडिलांच्या हृदयाला सोसला नाही. ३ फेब्रुवारीला अल्लारखा गेले.

तेव्हापासून ३ फेब्रुवारीला मुंबईत त्यांची बरसी साजरी होते. षण्मुखानंद सभागृहात भल्या सकाळी सुरू झालेले वादन रात्री उशिरापर्यंत चालते. तबला, पखवाज, मृदंगम्, ढोलकी, परदेशी ड्रम असे सगळे तिथे एका छताखाली येतात. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर हुसेनही गेले आणि बरसीच्या मंचावर एक जागा कायमची रिकामी झाली. पण तिथे बसणाऱ्या कोणत्याही तबलावादकाला आज मागे सरकून बसावे लागत नाही, जाहिरातीत त्याचे नाव ठळक असते आणि तासभर एकट्याने वाजवले तरी सभागृह भरलेले राहते. चाळिशीत ए. आर. कुरेशींनी सोडलेल्या कमाईचा हिशेब करायचाच असेल, तर तो इथे करावा.