पुढे काय? साने गुरुजींना विचारा!

टीवाय संपत आलं की घरी, कट्ट्यावर, बसस्टँडवर एकच विषय. एम.ए. करायचं, एमपीएससीचा क्लास लावायचा, की सरळ पुण्याची गाडी पकडायची? घरातले पहिलेच पदवीधर तुम्ही असाल, तर हे विचारायचं तरी कुणाला?

पांडुरंग सदाशिव साने यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. साने गुरुजी तुम्हाला माहीत आहेत ते ‘श्यामची आई’मुळे. आज त्यांना जरा मेंटॉर म्हणून भेटा.

जन्म 24 डिसेंबर 1899, कोकणातल्या पालगडचा. घरची गरिबी. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी भटकंती. 1917 मध्ये आई गेली, तरी पुढच्याच वर्षी पठ्ठ्या मॅट्रिक झाला. पुण्यात बी.ए. केलं आणि थेट आपल्या खान्देशात, अमळनेरला आला. तिथे प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं होतं. पदवीधरांनी तिथे राहून अभ्यास करायचा. आजच्या भाषेत फेलोशिप!

एम.ए. झालेला हा तरुण आरामात ग्रंथांमध्ये रमला असता. पण 1924 मध्ये तो प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला. वय फक्त 24. म्हणजे तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा!

पुढे छात्रालयाची जबाबदारीही आली. पोरं खोली पसरून शाळेत जायची, गुरुजी गुपचूप आवरून ठेवायचे. ओरडणं नाही, दंड नाही. मग पोरंच ओशाळून स्वतः आवरायला लागली. मुलांना जगाच्या बातम्या कळाव्यात म्हणून ते हाताने लिहून छात्रालयाचं दैनिक काढायचे. 1928 मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. कुठला कोर्स घ्या, याची यादी त्यांनी दिली नाही. वाचायची, लिहायची आणि स्वतः ठरवायची सवय लावली. यादी दोन वर्षांत जुनी होते, सवय नाही.

1930 मध्ये पक्की नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. मग तुरुंग. पण शिकणं थांबलं? छे! त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतल्या कैद्यांकडून तमिळ शिकले, पुढे ‘कुरल’ मराठीत आणला. 1932 मध्ये ते आपल्या धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, 21 फेब्रुवारी ते 19 जून, एकूण 18 प्रवचनं. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ आज कितीतरी भाषांत वाचली जातात, ती त्या नोट्समुळे. तत्त्वज्ञानाचा एम.ए. झालेला माणूस दुसऱ्याचं ऐकायला वही घेऊन बसतो, हे लक्षात ठेवा. लेक्चरला मागच्या बाकावर रील बघताना तर नक्कीच!

11 जून 1950 रोजी गुरुजी गेले. पण त्यांच्यासारखं लक्ष देणारं कुणीतरी तुमच्या कॉलेजातही असेल. लायब्ररीतले सर, नेट-सेट झालेली सीनियर ताई, डिपार्टमेंटमधल्या मॅडम. लाजू नका, जाऊन विचारा. निकाल लागल्यावर नाही, या आठवड्यातच. आणि तुम्हाला जे कळेल, ते एफवायच्या एखाद्या पोराला सांगा. तोही कुणाला विचारावं, याच विचारात असेल.