आर्थर एडिंग्टन

सर आर्थर स्टॅनली एडिंग्टन (२८ डिसेंबर, १८८२ - २२ नोव्हेंबर, १९४४) हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ व गणिती होते. ताऱ्यांच्या अंतर्भागाची रचना भौतिकीच्या नियमांनी स्पष्ट करणाऱ्या आद्य शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते.

जीवन

एडिंग्टन यांचा जन्म इंग्लंडमधील केंडल येथे क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. १८८४ मध्ये विषमज्वराने वडिलांचे निधन झाल्यावर आईने त्यांचा व बहिणीचा सांभाळ केला. मँचेस्टर येथे पदवी घेऊन ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. १९०४ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले. दुसऱ्याच वर्षी हा मान मिळवणारे ते पहिले विद्यार्थी होत. १९०६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत त्यांची नेमणूक झाली. १९१३ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठात प्लुमियन प्राध्यापक आणि पुढील वर्षी तेथील वेधशाळेचे संचालक झाले. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

पहिल्या महायुद्धात धर्मश्रद्धेमुळे त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला. राजज्योतिषी फ्रँक डायसन यांच्या मध्यस्थीमुळे त्यांना सैन्यसेवेतून सूट मिळाली. २९ मे, १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात त्यांनी आफ्रिकेनजीकच्या प्रिन्सिपे बेटावरून वेध घेतले. तेथील व ब्राझीलमधील सोब्राल येथील छायाचित्रांवरून सूर्याजवळून येणारे प्रकाशकिरण आइन्स्टाइन यांच्या भाकितानुसार वळत असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

ताऱ्यांविषयीचे संशोधन

आरंभी एडिंग्टन यांनी ताऱ्यांच्या गतींचा सांख्यिकीय अभ्यास केला. या गती यादृच्छिक नसून त्यांत दोन प्रवाह आढळतात, हा डच खगोलशास्त्रज्ञ कापटाइन यांचा निष्कर्ष त्यांनी अधिक विस्ताराने तपासला. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१६ पासून ते ताऱ्यांच्या अंतर्भागाकडे वळले. गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत ओढते, तर तप्त वायूचा दाब व प्रारणाचा दाब त्याला बाहेर रेटतात. या समतोलावर तारा टिकून असतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. ठरावीक वस्तुमानाच्या ताऱ्याची तेजस्विता एका मर्यादेपलीकडे गेल्यास प्रारणदाबामुळे त्याचे बाह्य थर फेकले जातात. या मर्यादेस एडिंग्टन मर्यादा म्हणतात.

१९२० मध्ये कार्डिफ येथील भाषणात त्यांनी ताऱ्यांच्या ऊर्जेचा उगम सुचवला. हायड्रोजनच्या चार अणूंचे एकत्रित वस्तुमान हेलियमच्या एका अणूपेक्षा सुमारे ०.८ टक्के अधिक असते, हे ॲस्टन यांच्या मोजमापांवरून दिसत होते. हायड्रोजनचे हेलियम होताना नष्ट होणारे हे वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडत असावे, असे त्यांनी मांडले. ही कल्पना पुढे खरी ठरली.

१९२४ मध्ये त्यांनी वस्तुमान व तेजस्विता यांतील संबंध मांडला. हे सूत्र विरळ महाकाय ताऱ्यांसाठी होते. परंतु पाण्याहून घन असलेल्या सूर्यासारख्या ताऱ्यांनाही ते लागू पडले. प्रचंड तापमानात अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होत असल्याने इतके घन द्रव्यही वायूसारखेच वागते, असे त्यांनी याचे कारण दिले.

चंद्रशेखर यांच्याशी मतभेद

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेले. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक वस्तुमानाचा श्वेत बटू तारा स्थिर राहू शकत नाही, असे त्यांच्या गणितातून निघत होते. ११ जानेवारी, १९३५ रोजी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्यांच्या मांडणीपाठोपाठ एडिंग्टन यांनी ती फेटाळली. असा तारा आकुंचन पावतच राहील आणि अखेर त्याचा प्रकाशही बाहेर पडणार नाही, हा परिणाम एडिंग्टन यांनी अचूक ओळखला होता. मात्र निसर्गात असे घडणे त्यांना अशक्य वाटले. त्यांच्या अधिकारामुळे या निष्कर्षाला मान्यता मिळण्यास विलंब झाला. पुढे हीच मर्यादा चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली व १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मतभेद असूनही दोघांचे वैयक्तिक संबंध स्नेहाचे राहिले. एडिंग्टन यांच्यावरील आपल्या पुस्तकात चंद्रशेखर यांनी त्यांना त्यांच्या काळातील सर्वश्रेष्ठ खगोलभौतिकशास्त्रज्ञ मानले.

सन्मान व मृत्यू

एडिंग्टन यांना १९३० मध्ये सर हा किताब आणि १९३८ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. केंब्रिज येथे वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.