सुभेदाराचं घर : रामजी मालोजी सकपाळ

घनसावंगी तालुक्यात पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यानं निघा, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतातच. बाप कोरडवाहू रानात राबतो, पोरगं छाती फुगवायच्या मागं असतं. घरात एक नोकरी लागली की दोन पिढ्यांचं भलं होतं, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. जालना शहर एके काळी निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होतं, आणि भोकरदन तालुक्यातल्या असईच्या रानात 1803 साली इंग्रज-मराठ्यांची मोठी लढाई झाली. त्यामुळं फौज ही आपल्या भागाला नवी नाही. पण फौजेच्या नोकरीनं एखादं घर कसं वर येतं आणि सरकारच्या एका हुकुमानं ती शिडी कशी काढून घेतली जाते, हे पाहायचं तर सुभेदार रामजी सकपाळ यांचं आयुष्य पाहावं. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव जगाला माहीत आहे. बाप मात्र बऱ्याच जणांना नावापुरताच ठाऊक असतो.

रामजींचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, मंडणगड तालुक्यात. जन्म 1848 च्या आसपासचा. वडील मालोजी कंपनी सरकारच्या फौजेत होते. गावात महाराच्या वाट्याला वेसकरकी, सांगावे पोचवणं आणि बलुत्याची भाकर यायची. फौजेत मात्र महिन्याला रोख पगार, अंगावर कोट आणि हातात बंदूक मिळे. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांची संख्या बरीच होती. 1 जानेवारी 1818 च्या भीमा कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत, त्यात महार शिपायांची पुष्कळ आहेत.

मालोजींच्या पिढीचा शिपाई लाल कोट घालायचा. छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे आणि गळ्याला ताठ पट्टी असायची. विलायतच्या थंडीसाठी बेतलेला हा पोशाख आपल्या उन्हात घालून शिपायानं कोसच्या कोस चालायचं. 1857 नंतर कपडे जरा सैल आणि सोयीचे होत गेले. त्याआधीच, 1846-47 च्या सुमारास, पेशावरकडं हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्यानं आपल्या गाइड्स पलटणीला मातीच्या रंगाचे कपडे दिले होते. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. हा रंग मळखाऊ आणि रानात लवकर न दिसणारा. 1885 च्या सुमारास हिंदुस्थानातल्या फौजेत खाकी रुळली आणि लाल कोट हळूहळू परेडीपुरता उरला. म्हणजे बाप लाल कोटाच्या काळातला आणि मुलगा खाकीच्या, असा हा फरक एकाच घरात पडला.

रामजी तरुणपणीच फौजेत गेले. बढतीची शिडी तेव्हा अशी होती : शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सगळ्यात वर सुभेदार-मेजर. हिंदी माणसाची मजल इथंच संपायची. सुभेदार-मेजर कितीही जुना असो, कालपरवा विलायतेहून आलेला कोवळा गोरा साहेब त्याच्या वरच असे. तरीही या शिडीला गावात मोल होतं. मुंबईच्या फौजेत नुसती सेवाज्येष्ठता न पाहता लायकीही पाहत, म्हणून हुशार माणसाला वाव होता.

रामजींनी वाव घेतला तो लेखणीच्या जोरावर. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकून ते फौजेच्या शाळेत मास्तर झाले आणि पुढं चौदा वर्षं हेडमास्तर. फौजेत शिपायांच्या मुलांसाठी शाळा होत्या आणि मुलीही तिथं शिकत. गावच्या शाळेत ज्यांना ओटीवरही घेत नव्हते, त्यांची पोरं छावणीत अक्षरं गिरवत होती. रामजींचं इंग्रजी चांगलं होतं. ते कबीरपंथी होते. घरात दारू नव्हती, मांस नव्हतं, आणि सकाळ-संध्याकाळ भजन ठरलेलं असे.

बायको भीमाबाई ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या फौजी घराण्यातली. तिचे वडील आणि चुलते सगळे सुभेदार-मेजर होते, अशी त्या घराची ख्याती होती. म्हणजे माहेर-सासर दोन्हीकडं फौजच. या जोडप्याला चौदा मुलं झाली, त्यातली पाच जगली : बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि शेंडेफळ भीमराव. भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत झाला.

याच सुमारास वरून पाणी तुटलं. 1892-93 मध्ये सरकारनं धोरण बदललं. काही जाती लढाऊ आणि बाकीच्या लढाईला नालायक, असं ठरवून पलटणी जातवार बांधायचं सुरू झालं. महारांची भरती बंद झाली. तीन पिढ्या ज्या फौजेत घातल्या, तिचं दार नातवंडांना लागलं. रामजी गप्प बसले नाहीत. त्यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना गाठून या हुकुमाविरुद्ध अर्ज लिहून घेतला. फौजेतूनच निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांचीही याच गोष्टीसाठी खटपट चालू होती. अर्ज गेले, पण हुकूम बदलला नाही.

1894 मध्ये रामजी निवृत्त झाले आणि दापोलीला आले. दापोली म्हणजे निवृत्त फौजी लोकांची वसाहत. महिन्याला पन्नास रुपये पेन्शन. त्यात भागेना म्हणून ते साताऱ्याला नोकरीवर गेले. तिथंच 1896 मध्ये भीमाबाई वारल्या. मुलांना रामजींची बहीण मीराबाई यांनी सांभाळलं.

पुढं खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी काम निघालं. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकार तिथं तलाव खोदत होतं आणि रामजी त्या कामावर खजिनदार होते. आपल्याकडं रोजगार हमीची कामं पाहिलेल्यांना हे चित्र नवं नाही. 1901 च्या उन्हाळ्यात मुलं त्यांना भेटायला निघाली. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, पायांत नवे जोडे. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आलं नाही, कारण पत्र बापापर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशन मास्तरनं कपडे पाहून आपुलकीनं चौकशी केली. जात कळली आणि तो पाच पावलं मागं सरला. गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं कबूल करून पोरांनी स्वतः बैल हाकले आणि गाडीवान बाजूनं चालला. शिदोरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी कोणी दिलं नाही. बापानं आयुष्यभर सरकारचा कोट घातला, लेकरांना नवे कपडे चढवले, पण एका प्रश्नासरशी ते सगळं फोल झालं. ही आठवण भीमरावांनी पुढं स्वतः लिहून ठेवली.

फौज गेली, आता पोरांना वर न्यायला शाळा एवढीच शिडी उरली, हे रामजींनी ओळखलं. 1904 मध्ये ते मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहायला आले. त्याच खोलीत चूल, जातं, लाकूडफाटा आणि माणसं. भीमराव संध्याकाळी लवकर झोपे. म्हातारा रात्री दोनपर्यंत जागा राहून त्याला अभ्यासाला उठवी आणि मग स्वतः आडवा होई. मुलानं पुस्तक मागितलं आणि हातात पैसा नसला की रामजी लग्न झालेल्या लेकींच्या घरी जात, त्यांचा दागिना मागून गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, पुढं पदवीधर झाले.

1913 च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. तिथल्या फौजेत लेफ्टनंटची जागा त्यांना मिळाली होती. ज्या घराची मजल सुभेदारापुढं जाऊ दिली नव्हती, त्या घरात हा हुद्दा आला. पण थोड्याच दिवसांत बाप आजारी असल्याची तार आली. परतताना बापासाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा रामजींचे शेवटचे श्वास चालू होते. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले.

रामजींच्या अर्जाचं काम पुढं मुलाच्या हातून झालं. पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये महारांची पलटण उभी राहिली, पण ती 1921 मध्ये मोडली. 1941 मध्ये डॉ. आंबेडकर सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढं याच रेजिमेंटमधून आलेले कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन सेनापती देशाचे लष्करप्रमुख झाले.

वर्दीही बदलत राहिली. दुसऱ्या महायुद्धात जंगलासाठी हिरवी आली. 1950 मध्ये खांद्यावरचा राजमुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. जमादाराचा 1965 मध्ये नायब सुभेदार झाला. 2022 च्या सेनादिनी नवी ठिपक्याठिपक्यांची लढाऊ वर्दी आली, आणि ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर व त्यावरच्या अधिकाऱ्यांना एकसारखा गणवेश झाला. सुभेदार हा हुद्दा मात्र टिकून आहे. दोन तारे आणि खाली फीत.

पहाटे पळणाऱ्या पोरांनी पळावंच. पण भरतीचे नियम सरकारच्या हातात असतात आणि ते केव्हाही बदलतात, हे रामजींच्या घरानं सोसलेलं आहे. म्हणून रात्री परत आल्यावर पुस्तकही उघडावं. आणि गावातल्या निवृत्त सुभेदाराच्या पेन्शनचा किंवा दाखल्याचा कागद टेबलावर आला, तर तलाठी-ग्रामसेवक मंडळींनी तो त्याच दिवशी पुढं सारावा. त्या पैशावर घरातलं कोणतं पोर शिकत असेल, हे आपल्याला ठाऊक नसतं.