हरवलेल्या वजनाचा शोध : जोसेफ ब्लॅक

पेडणे-डिचोलीकडची जुनी चिऱ्यांची घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. भट्टीत शिंपले भाजून केलेला चुना गोव्यात पूर्वापार बांधकामाला वापरत. भाजल्यावर शिंपले हलके का होतात? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

जोसेफ ब्लॅक यांचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. वडील मद्याचे व्यापारी. बाराव्या वर्षी ते शिक्षणासाठी बेलफास्टला गेले. पुढे ग्लासगो विद्यापीठात विल्यम कलन या गुरूंनी त्यांना रसायनशास्त्राची गोडी लावली. मग वैद्यकीच्या पदवीसाठी ते एडिंबरोला आले.

त्या काळी मूतखड्यावर चुन्याची निवळी देत. शिंपल्यांचा चुना चांगला की चुनखडीचा, यावर तिथल्या दोन प्राध्यापकांत वाद होता. एकाची बाजू घ्यावी तर दुसऱ्याचा रोष! म्हणून ब्लॅक यांनी मॅग्नेशियाची पांढरी भुकटी अभ्यासाला घेतली.

भट्टीतील अग्नीचा अंश शिरल्यामुळे चुना दाहक होतो, असा तेव्हा समज होता. ब्लॅक यांनी तराजू हाती घेतला. भाजलेल्या भुकटीचे निम्म्याहून अधिक वजन घटले होते. म्हणजे आत काही आले नव्हते, उलट बाहेर गेले होते. थोडे पाणी आणि बाकी वायू! त्यालाच आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. १७५४ साली त्यांनी प्रबंध सादर केला. चुन्यावरील प्रयोगांसह त्यांचा निबंध १७५६ साली प्रसिद्ध झाला.

आता हिशेब करू. कॅल्शियम कार्बोनेटचा रेणुभार १००, चुनकळीचा ५६, वायूचा ४४. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला २५० किलो शुद्ध कार्बोनेट पूर्ण भाजले, तर १४० किलो चुनकळी उरते आणि ११० किलो वायू निघून जातो. बेरीज पुन्हा २५०. ती जुळली नाही तर गणित तपासावे. भिंतीतला चुना हवेतून हाच वायू हळूहळू परत घेतो आणि घट्ट होतो.

पुढे ग्लासगोत प्राध्यापक असताना ब्लॅक यांनी बर्फ वितळताना लागणाऱ्या अप्रकट उष्णतेचा शोध लावला. वाफेच्या इंजिनात सुधारणा करणारे जेम्स वॅट त्यांचे स्नेही होते. १७६६ पासून ते एडिंबरोत शिकवू लागले. ६ डिसेंबर १७९९ रोजी त्यांचे निधन झाले.

मोठ्यांच्या वादात न पडता त्यांनी वजन करून पाहिले. प्रयोगशाळेत तराजूसमोर उभे राहताना आपणही हे लक्षात ठेवू या.