वेदी हादरली तेव्हा



३ डिसेंबरच्या सणाला आपल्यापैकी अनेक कुटुंबे जुन्या गोव्याला जातात आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चांदीच्या पेटीपुढे गुडघे टेकतात. पण या संताने आपल्या आयुष्यातले तीन महिने हादरणाऱ्या जमिनीवर आणि धुमसणाऱ्या डोंगराच्या छायेत काढले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज त्याविषयी थोडेसे.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नवार प्रांतात, झेवियरच्या गढीत झाला. पॅरिसच्या विद्यापीठात ते शिकले आणि तेथेच अॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवू लागले. तेथे संत इग्नेशियस यांची गाठ पडली आणि आयुष्याची दिशा बदलली. १५३७ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले.

१५४६ मध्ये ते मलाक्काहून पुढे मोलुक्का बेटांकडे, म्हणजे आजच्या इंडोनेशियात गेले. तेथील मोरो प्रदेशातील ख्रिस्ती लोकांना अनेक वर्षे धर्मगुरू नव्हता. त्यांच्यात राहणाऱ्या एका धर्मगुरूची पूर्वी हत्या झाली होती. तेथे लोक विष घालून मारतात, असे सांगून मित्रांनी फ्रान्सिसना अडवले. ते ऐकत नाहीत असे पाहून विषावरचे उतारे पुढे केले. फ्रान्सिस यांनी तेही प्रेमाने नाकारले व ते होडीत बसले. त्या बेटांना देवावर आशा ठेवण्याची बेटे म्हणावे, असे त्यांनी पुढे लिहिले.

तेथे त्यांनी आग ओकणारा डोंगर पाहिला. तप्त दगड उडत, वारा सुटला की राख पसरे आणि शेतातून परतणारी माणसे ओळखू येत नसत. राखेनंतर रानडुकरे व मासे मेलेले सापडत. २९ सप्टेंबरला, संत मिखाएलच्या सणादिवशी, ते पवित्र मिस्सा अर्पण करत असताना धरणी इतकी हादरली की वेदी कोसळते की काय, अशी त्यांना भीती वाटली.

हे काय आहे, असे लोकांनी विचारले. डोंगरातली आग म्हणजे नरक असून खोट्या देवांना भजणारे तेथे जातात, असे फ्रान्सिस यांनी सांगितले. भूकंपाच्या वेळी संत मिखाएल सैतानांना पाताळात लोटत असावा, असेही त्यांना वाटले. आज आम्ही हे वाचताना संकोचतो. ज्या हिंदू शेजाऱ्यांबरोबर आपण सुखदुःख वाटून घेतो, त्यांच्याविषयी आपण असे बोलणार नाही. पण त्या काळी याहून बरे उत्तर होते तरी कोणाकडे? पृथ्वीच्या पोटात कोंडलेल्या वायूमुळे भूकंप होतो, असे अॅरिस्टॉटल सांगून गेला होता. भूपृष्ठाचे प्रचंड तुकडे एकमेकांखाली सरकतात, त्यातून त्या बेटांवर भूकंप होतात व ज्वालामुखी जागे होतात, हे माणसाला विसाव्या शतकात कळले. तेथील हालमाहेरा बेटावरचा दुकोनो ज्वालामुखी १९३३ पासून धुमसतो आहे.

हे दूरचे वाटेल. पण कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. धरणात साठलेल्या पाण्यामुळे खडकांतील ताण मोकळा झाला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे १९९३ मध्ये २९ सप्टेंबरलाच किल्लारीत गणपती विसर्जन झाले. लोक निजले आणि पहाट होण्यापूर्वी गावे मातीस मिळाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली.

देव कोपला, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. आपल्यातही काहींनी म्हटले. परंतु सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे प्रभू येशूने विचारले आणि उत्तरही नाही असेच दिले. ज्याचे घर पडले त्याला पापी ठरवणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक भिंत पाडणे होय.

मग संत फ्रान्सिस यांच्याकडून काय घ्यावे? भूकंपाचे त्यांचे स्पष्टीकरण काळाबरोबर मागे पडले. पण धोका माहीत असूनही, ज्यांच्याकडे कोणी जात नव्हते त्यांच्याकडे ते गेले. वेदी हादरली तरी तीन महिने तेथेच राहिले, घरोघर फिरले, मुलांना स्नानसंस्कार दिला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर त्यांना मरण आले. १६२२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

यंदा गोव्याला जाल तेव्हा कोयना आणि किल्लारीच्या मृतांसाठीही एक प्रार्थना करा. घर बांधणार असाल तर जाणत्या अभियंत्याला विचारून भूकंपाला टिकेल असे बांधा. आणि पुन्हा कधी जमीन हादरलीच, तर कोणाचे पाप, हे शोधत बसू नका. शेजाऱ्याच्या दाराशी आधी जा.

प्रभू आपणां सर्वांचे रक्षण करो.